वेल्डिंगवाला गावी गेला तेव्हा

फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमध्ये मी केलेला लॅप जॉइंट सरांनी दोन बोटांनी उचलला आणि त्याचे शांतपणे दोन तुकडे झाले. पूर्ण बॅच हसली. सर म्हणाले, "तू आयुष्यात वेल्डिंग सोडून काहीही जोड." ते वाक्य एवढं मनावर घेईन असं त्यांनाही वाटलं नसेल.

गोष्ट २०२४ च्या गणपतीतली. आमचे बाबा कुडाळजवळ व्हॅन चालवतात. शाळेची मुलं, बाजार, आणि गणपतीत स्टेशनवरून चाकरमानी आणणे. त्या आठ दिवसांची कमाई म्हणजे माझ्या एका सेमिस्टरची मेस, हे मी घरात कधी बोलून दाखवत नाही. चतुर्थीच्या तीन दिवस आधी मी हॉस्टेलवरून घरी पोचलो तर आमची व्हॅन ट्रॅक्टरसारखी आवाज करत अंगणात शिरली. बाबा उतरले, डोकं धरून पडवीत बसले. आई म्हणाली, "आठवडाभर असंच चाललंय. दुखतंय म्हणतात. चष्म्याचा नंबर वाढला असेल."

मी गाडीखाली शिरलो. सायलेन्सरच्या डब्याच्या वीतभर अलीकडे पाइप अर्धाअधिक तुटलेला. त्यावर बाबांनी एम-सील थापून तार गुंडाळली होती. एम-सील बिचारं पाण्याच्या टाकीसाठी, त्याचा काय दोष? तिथून जाणारा धूर शेकडो अंश तापलेला. सगळं कोळसा होऊन गळून पडलं होतं.

मग माझ्या डोक्यात एकदम दिवा लागला. पाऊस, म्हणून काचा बंद. तुटलेला पाइप सीटच्या खालच्या बाजूला. आणि डोकेदुखी! कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त जोराने चिकटतो. आयसी इंजिनच्या पेपरात 'पोल्युटंट्सवर टीप लिहा' याला मी पाचपैकी चार मार्क घेतलेले. पण तो वायू आपल्या बापाच्या डोक्यात शिरलेला असेल हे कुठल्या पुस्तकात नसतं. मागच्या सीटवर शाळेची मुलं बसतात, हेही तेव्हाच आठवलं.

"बाबा, उद्या गाडी काढायची नाही."

"माका कायेक झाला नाय," बाबा म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता. त्यांनी दुसऱ्या दिवसाची भाडी एका मित्राकडे वळवली आणि माझ्याकडे असं बघितलं, की आता तूच बघ.

वेल्डिंगवाल्याच्या शटरला कुलूप. तो गणपतीला गावी. कोकणात त्या दिवसांत कुणाला दोष देता येत नाही. दुसरा एक भेटला, पण त्याने वाकून पाहिलं आणि सांगितलं की ही पत्री गंजून कागद झाली आहे, आर्क लावला की भोक मोठंच होणार. बरोबर होतं त्याचं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं. गाडी लांब पळाली तर ते वाफ होऊन निघून जातं. आमच्यासारख्या दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत डब्यातच साचतं आणि लोखंड आतून खातं. वर खारी हवा आहेच.

मग विचार केला, की कंपनी तरी सगळं कुठे वेल्ड करते? पुढे फ्लँज आणि गॅस्केट, मागे डबा रबरावर लटकवलेला. इंजिन हलतं, पाइप तापून लांबतो. दीड मीटर पाइप तीनशे अंशांनी तापला तर पाच मिलिमीटरहून जास्त वाढतो. (हे गणित मी पडवीत बसून खडूने केलं. आईने ते सारवून टाकलं.) म्हणजे सांधा बोल्टचा असणं यात कमीपणा काही नाही.

भंगारवाल्याकडे दुसऱ्या गाडीच्या सायलेन्सरचा तुकडा मिळाला, आमच्या पाइपावर जेमतेम बसेल असा. स्पेअर पार्ट्सच्या दुकानातून दोन यू-क्लॅम्प आणि सायलेन्सर पेस्टचा डबा. कुजलेला भाग हॅक्सॉने कापला, चांगलं लोखंड लागेपर्यंत. मध्ये तीन बोटांची फट राहिली. दोन्ही टोकं पॉलिश पेपरने घासली. डब्याची रबरं सोडून डबा मागे ओढला, बाहेरून स्लीव्ह चढवली, दोन्हीकडे दोन-दोन इंच आत जाईल अशी. स्लीव्हच्या टोकांना चार-चार उभ्या चिरा दिल्या, म्हणजे क्लॅम्प आवळल्यावर ती मिटून पाइपाला घट्ट धरते.

इथे मी इंजिनिअर असल्याचं सिद्ध केलं. चिरा अडीच इंच कापल्या! पाइप आत दोनच इंच. राहिलेल्या अर्ध्या इंचातून धूर मजेत बाहेर. थंड गाडी चालू करून बाबांनी मागच्या नळीवर क्षणभर ओलं फडकं धरलं, मी सांध्यावर साबणाचं पाणी मारलं, तर फुग्यांची जत्रा. बाबा काही बोलले नाहीत. उरलेला भंगाराचा तुकडा माझ्या हातात दिला आणि बॅटरी धरून बसले.

दुसरी स्लीव्ह, चिरा एकच इंच. आत पेस्टचा पातळ हात, कारण पेस्ट फट भरते, भोक बुजवत नाही. क्लॅम्पचे दोन्ही नट आळीपाळीने आवळले. दहा मिनिटं गाडी नुसती चालू ठेवली, पेस्ट पक्की झाली. गार झाल्यावर नट परत आवळले. पुन्हा साबण. एकही फुगा नाही. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मखर तसंच अर्धवट राहिलं होतं, त्याबद्दल आईचं बोलणं वेगळं ऐकलं.

सकाळी बाबा स्टेशनला गेले. मी मुद्दाम सोबत बसलो, दोन्ही काचा थोड्या उघड्या ठेवायला लावून. पावसाने माझा खांदा भिजला. परतताना त्यांना विचारलं, "डोकं?"

"तुझा दुखता काय?" एवढंच.

यू-क्लॅम्पचा एक दुर्गुण आहे. तो पाइपात खाच पाडतो, पुढच्या वेळी सांधा सुटत नाही, कापावाच लागतो. रुंद पट्टीचा बँड क्लॅम्प बरा, पण तो आमच्या बाजारात नव्हता. गणपती संपल्यावर वेल्डिंगवाला आला, वाकला, क्लॅम्पवर पान्याने टक्-टक् केलं आणि बाबांना म्हणाला, "हात नको लावूया."

त्यानंतर दर रविवारी फोन आला की बाबा आधी गाडी चालू करतात आणि मोबाइल नळीजवळ नेतात. मी सेकंड फ्लोअरच्या कॉरिडॉरमध्ये डोळे मिटून ऐकत असतो. रूममेटने परवा विचारलं, "कोण रे, इतकं लक्ष देऊन ऐकतोयस?" मी त्याला गप्प राहायची खूण केली. फुसफुस येतेय का, ते ऐकायचं होतं.