झाकणामागची साखळी

मोटारीचे कौतुक करणारे तिचा रंग, तिची आसने, तिचा वेग यांविषयी भरभरून बोलतात. इंजिनाच्या पुढच्या झाकणाचे कौतुक मात्र आम्ही कुणाच्या तोंडून ऐकलेले नाही. कारागीर त्याला टायमिंग कव्हर म्हणतात. मालकाला ते आठवते ते तेल ठिबकू लागल्यावरच.

डोंबिवलीतील आमच्या कुटुंबाचा चरितार्थ अनेक वर्षे एका प्रीमियर पद्मिनी टॅक्सीवर चालला. ती गाडी उभी राहिली की खाली काळा डाग पडू लागला. एका गॅरेजमध्ये झाकणाचे सील बदलून बोल्ट करकचून आवळून दिले. पंधरवड्यात तेल पुन्हा गळू लागले. धंदा बुडाला, शाळेची फी थकली. अखेर वडिलांनी गाडी एका वयस्क मिस्त्रीकाकांकडे नेली. सुट्टी असल्याने आम्ही भावंडेही सोबत गेलो.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये काकांची उमेदीची वर्षे गेली होती. कुर्ल्याला पद्मिनी आणि कल्याणच्या कारखान्यात १९९४ पासून प्यूजो ३०९, अशा दोन्ही गाड्या त्यांच्या हाताखालून गेलेल्या. "प्यूजोला रबरी पट्टा, तो कोरडाच फिरतो, झाकणाने धूळ अडवली की पुरे," ते म्हणाले. "पद्मिनीची साखळी तेलात फिरते. तिच्या झाकणाला तेल राखावे लागते."

रेडिएटर, पट्टा, पुली उतरवून त्यांनी झाकण काढले. आतील दोन दंतचक्रांवरील खुणा समोरासमोर आहेत ना, हे प्रथम पाहिले. लहान चक्राच्या दोन फेऱ्यांत मोठ्याची एक फेरी. हा मेळ चुकला तर झडपा अवेळी उघडतात. मग जुने पॅकिंग खरवडून झाकणाची कड काचेवर ठेवून सपाट असल्याची खात्री केली. नवे सील बसविताना त्याची बारीक स्प्रिंग आतल्या बाजूस ठेवली, ओठाला तेल लावले.

यानंतर बोल्ट केवळ बोटांनी फिरवून सैल ठेवले आणि पुली सीलमधून आत सरकवली. झाकण आपसूक किंचित हलून पुलीभोवती नेमके मध्यावर आले. तेव्हाच काकांनी पाना हाती घेतला. समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे करीत आवळले. आधी आवळले असते तर झाकण तसूभर बाजूला राहून सील एकीकडे दाबले गेले असते. पूर्वीच्या गळतीचे कारण तेच होते. "आधी मध्य, मग जोर," ते म्हणाले. गाडी पुढील आठवड्यापासून नियमित धंद्याला लागली.

१९९७ मध्ये प्यूजो येथून गेली. २९ ऑक्टोबर २००३ रोजी मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी वीस वर्षांची मुदत संपून २०२३ मध्ये रस्त्यावरून निवृत्त झाली. विजेच्या मोटारीत तर ही साखळीच नाही. ते हस्तकौशल्य आता फारसे कुणाला लागणार नाही.

तरीही संसारात, संस्थेत, वादविवादात आम्ही माणसे मध्य सापडण्याआधीच पाना उचलतो आणि गळती लागली की आणखी जोर लावतो. झाकण बसल्यावर आतले काम कुणाला दिसत नाही. मिस्त्रीकाकांनी ते कुणी पाहणार नाही हे जाणूनच नीट केले होते. आमची फी त्या न दिसणाऱ्या कामातून भरली गेली.