आवक-नोंदवहीतला भूगोल

ज्या १९६२ साली, ऑगस्टच्या पहिल्या तारखेस, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची (एमआयडीसीची) स्थापना झाली, त्याच सालच्या नोव्हेंबरात, १८ तारखेस, कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले. आणि या दोन संस्थांचा परस्परांशी काही संबंध पोहोचतो असे त्या वेळी कोणाच्या मनात आले नसले, तरी पुढे ऐंशीच्या दशकात माझ्या आयुष्यातली काही वर्षे या दोहोंच्या मध्ये, पंचगंगेच्या पुलावरून सायकलीने जा-ये करण्यात गेली. सकाळी शहरातल्या एका महाविद्यालयात भूगोल विशेष घेऊन बी. ए.चे तास, आणि दुपारपाळीस शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या फाटकालगतच्या खोलीत आवक-जावक कारकुनी, असा तो क्रम होता. भूगोलच का घेतला, असे विचारणाऱ्यांना मी काहीतरी भारदस्त उत्तर देत असे. वस्तुतः भूगोलाचे तास सकाळी असत व इतिहासाचे दुपारी, आणि दुपारी माझे नाव हजेरीपटावर लागणे घरच्या चुलीच्या दृष्टीने अत्यावश्यक होते.

त्या काळी भूगोलाची पदवी म्हणजे निम्मे श्रवण व निम्मी हातमेहनत असे. लांबच लांब टेबलांवर ट्रेसिंग पेपर पसरून भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांवरून समोच्चरेषा गिरवाव्यात, त्यांचे छेद काढावेत, होकायंत्र व साखळी घेऊन महाविद्यालयाच्या आवाराची मोजणी करावी, हे सारे शाईने जर्नलात उतरवावे, आणि त्यावर विभागप्रमुखांची सही झाल्याखेरीज परीक्षेस बसू देणार नाहीत या धास्तीत फेब्रुवारी काढावा, असा तो शिरस्ता. फौंड्रीची काजळी नखांतून जाता जात नसे. त्यामुळे माझ्या ट्रेसिंग पेपरच्या कडांवर जे काळे ठसे उमटत, त्यांना आमचे सर ‘शिरोलीची रेगूर’ म्हणत, आणि वर्गात मृदांचे प्रकार शिकवताना नमुना म्हणून माझे जर्नल वर धरून दाखवत.

याच टेबलावर मला प्रथम कळले, की कोल्हापूर व शिरोली ही एका नकाशावर मावत नाहीत. १:५०,००० प्रमाणाच्या ‘४७ एल’ या मालिकेतला एक नकाशा ७४ अंश १५ मिनिटे पूर्व रेखांशावर संपतो व तेथेच दुसरा सुरू होतो. जुने शहर या रेषेच्या पश्चिमेस राहते आणि पुलाची शिरोली पूर्वेस. दोन्ही नकाशे शेजारी ठेवून, नदीच्या निळ्या रेषेचे तुटलेले टोक दुसऱ्या टोकास नेमके भिडवावे लागे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि लोकश्रद्धेतील गुप्त सरस्वती मिळून प्रयाग चिखलीच्या संगमापासून पंचगंगा ही जी नदी सिद्ध होते, ती पुढे नृसिंहवाडीस कृष्णेला मिळेपर्यंत इतकी वळणे घेत जाते, की तिला घाई म्हणून नाहीच असे नकाशावर दिसते. त्या वळणांच्या दोहो बाजूंस, राष्ट्रीय महामार्ग धरून, बराच प्रदेश मला कोरा आढळला. दोन समोच्चरेषांत २० मीटरांचे अंतर असल्यामुळे सपाटीवर रेषाच येत नव्हती. सरांनी त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवले आणि म्हणाले, “रेषा जिथं नाही तिथं आधी बघा. ही नदीची जागा आहे. रस्ता तिनं वापरायला दिलाय.”

या वाक्याची मला आठवण झाली ती पुष्कळ वर्षांनी, २०१९च्या ऑगस्टात, पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावरचे पाणी ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५५ फुटांच्या घरात गेले आणि शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन जवळजवळ आठवडाभर वाहतूक बंद राहिली तेव्हा. २०२१ साली जुलैत पुन्हा तेच झाले. वर्तमानपत्रांनी ‘नदी महामार्गावर आली’ असे छापले; आमच्या सरांनी बातमी उलट्या बाजूने लिहिली असती.

परंतु माझ्या शिक्षणाचा खरा गाभा नदी नव्हे, तर माझ्याच टेबलावरची आवक-नोंदवही ठरली. आर्थिक भूगोलाच्या तासाला आल्फ्रेड वेबर या जर्मन अर्थशास्त्रज्ञाने १९०९ साली मांडलेला उद्योगांच्या स्थाननिश्चितीचा सिद्धान्त शिकवला जाई. कच्च्या मालाची दोन ठिकाणे व बाजारपेठेचे एक असा त्रिकोण कल्पावा, वाहतुकीचा एकूण खर्च जेथे न्यूनतम तेथे कारखाना उभा राहील असे धरावे, आणि जो माल प्रक्रियेत वजन गमावतो तो कारखान्यास आपल्याकडे ओढतो हे ध्यानी ठेवावे. हे ऐकत असता माझ्या डोळ्यांपुढे आदल्या संध्याकाळी मी नोंदलेले ट्रक उभे राहिले. कोक झरियाकडचा, म्हणजे दीड हजार किलोमीटरांहून अधिक दूरचा; पिग आयर्न भिलाईचे; बेंटोनाइट कच्छचे; सिलिका वाळू तेवढी त्यातल्या त्यात जवळची, फोंडा घाटाखालच्या कणकवलीकडची. कुपोला भट्टीत कोक तर जळूनच जातो. त्याच्या वजनाचा जवळजवळ काहीही भाग ओतीवात उतरत नाही. वेबरसाहेबांचा शब्द प्रमाण मानावा तर आमची फौंड्री तेव्हाच्या बिहारात असावयास हवी होती, आणि तिच्याबरोबर शिरोलीतली प्रत्येक फौंड्री.

मी मालकांच्या परवानगीने नोंदवहीतले एका वर्षाचे आकडे उतरवून घेतले, भारताच्या कोऱ्या नकाशावर प्रत्येक गावापासून शिरोलीपर्यंत वजनाच्या प्रमाणात जाड-बारीक रेषा ओढल्या, आणि तो नकाशा घेऊन सरांकडे गेलो. सर बराच वेळ पाहत राहिले. सिद्धान्त चुकला असे ते म्हणाले नाहीत, कारण वेबरनेच वाहतुकीशेजारी मजुरी व उद्योगांचे एकत्रीकरण यांनाही जागा दिली आहे, जी आम्ही परीक्षार्थी शेवटच्या दोन ओळींत उरकत असू. तुमच्या तृतीय वर्षाच्या प्रकल्पाचा विषय आता शोधावा लागणार नाही, एवढेच ते म्हणाले.

त्यानंतर मी फौंड्रीत चौकशी आरंभली. आमचे मोल्डिंगचे वयस्क मिस्त्री वडगावच्या बाजूने येत. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत व ते मला ‘मास्तर’ म्हणत, अर्थात थट्टेने. लोखंड नाही, कोळसा नाही, तरी हे काम इथेच का, असे विचारताच ते हसून म्हणाले, “मास्तर, लोखंड काय, पैसं टाकलं की कुठनं बी येतंय. रस कवा ओतायचा, त्यो बगून सांगणारा मानूस मातूर ट्रकनं येत न्हाई.” त्यांनी हे काम शहरातल्या उद्यमनगरात एका जुन्या कारागिराच्या हाताखाली शिकून घेतले होते, त्या कारागिराने आणखी कोणाच्या, आणि असे मागे मागे जात आपण संस्थानच्या काळापर्यंत पोहोचतो. शाहू महाराजांनी १९०६ साली सूतगिरणीचा पाया घातला. रेल्वे त्याआधी, १८९१ सालीच मिरजेहून येथे आली होती. गिरणी आली की तिची दुरुस्ती करणारे हात लागतात. बाबूराव पेंटरांनी चित्रपटाचा कॅमेरा विलायतेहून आणण्याची वाट न पाहता कोल्हापुरातच घडवला, हे सर्वश्रुत आहे. यंत्र उघडून पाहावे व तसेच दुसरे करावे, ही खोड या शहरास तेव्हापासूनची. पुढे ऊस वाढला, उसास पाणी लागले, पाण्यास पंप व तेलाची इंजिने लागली, इंजिनांस ओतीव भाग लागले, आणि उद्यमनगरात पाय ठेवावयास जागा उरली नाही तेव्हा हे काम नदीपलीकडे शिरोलीस गेले. तेथे पॅटर्न करणारा एका गल्लीत, कोअर करणारा दुसऱ्या, ओतीव घासणारा तिसऱ्या आणि यंत्रावर चढवणारा समोरच. बिघडलेला पॅटर्न सायकलच्या कॅरिअरवर नेऊन त्याच पाळीत दुरुस्त करून आणता येत असे. मी स्वतः तो कित्येकदा नेला आहे. झरियाजवळ कोक स्वस्त पडला असता, परंतु तेथे ही सायकल कोठे न्यावी?

प्रकल्पाच्या दुसऱ्या भागासाठी भूमी-उपयोजनाचा नकाशा करावयाचा होता, म्हणून मी तलाठ्याच्या चावडीत जाऊन बसू लागलो. वसाहतीस जमीन दिलेल्या शिरोली व नागाव या गावांचे जुने सात-बारे, फेरफार, गटांच्या हद्दी हे सर्व दफ्तर पाहताना विद्यापीठाच्या ग्रंथालयापेक्षा कितीतरी गुंतागुंतीचे वाङ्मय आपण वाचीत आहोत असे मला वाटे. ज्या गटात कधीकाळी ज्वारी व भुईमूग लिहिलेला, त्याच गटावर आता पत्र्याचे छत. आणि पूर्वीच्या खातेदाराचा मुलगा त्याच छताखाली हेल्पर म्हणून हजेरी लावतो, ती हजेरी मीच लिहितो, हे मला अनेकदा आढळले. याविषयी भावविवश लिहिणे सोपे आहे. तो मुलगा मात्र जमिनीपेक्षा पाळीच्या ओव्हरटाइमविषयी अधिक बोले, आणि प्रकल्पात मी तेच नमूद केले.

तोंडी परीक्षेस बाहेरगावचे परीक्षक आले होते. त्यांनी माझा रेषांचा नकाशा उलगडला, वाळूच्या रेषेवर पेन्सिल टेकवली, आणि सिद्धान्ताविषयी एक अक्षरही न विचारता म्हणाले, “ही वाळू ज्या घाटातून येते तिथं पाऊस किती?” गगनबावड्यास वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तेथून सुमारे १०० किलोमीटर पूर्वेस शिरोळास जेमतेम ५००, हे पाठ होते, फोंड्याचा घाटही त्याच पावसाच्या माऱ्यात. “मग जुलैत दरड कोसळली तर तुमची भट्टी कशावर चालते?” या प्रश्नास आवक-नोंदवहीत उत्तर होते. मे महिन्याच्या पानांवर वाळूच्या नोंदी दाटीने होत्या आणि जुलैच्या पानांवर विरळ. आमचे भांडारपाल मिरगाच्या आधी आवारात वाळूचा ढीग करून ताडपत्रीने झाकून ठेवीत. का, ते कोणी कधी लिहून ठेवले नव्हते. परीक्षकांनी मान हलवली आणि हे प्रकल्पात कोणत्या पानावर आहे ते विचारले. कोठेच नव्हते. त्यांनी स्वतःच्या पेन्सिलीने शेवटच्या कोऱ्या पानावर दोन ओळी लिहून खाली माझी सही घेतली.

पदवी मिळाल्यावर पगारात तसूभर फरक पडला नाही. मालकांनी पेढे स्वीकारून भूगोलाचा फौंड्रीत उपयोग काय असे विचारले, तेव्हा मी त्यांच्यासमोर पाच वर्षांच्या नोंदवह्यांतून काढलेला वाळूचा मासिक तक्ता ठेवला. तो त्यांनी भांडारपालांकडे पाठवला. भांडारपालांनी तो पाहून, “हे तर आमी करतोयच की,” एवढाच शेरा मारला आणि पुढल्या एप्रिलात ढिगाच्या शेजारी बेंटोनाइटच्या पोत्यांसाठीही एक ताडपत्री मागवली.