शनिवारची पेज

नॉर्वेत शनिवारी दुपारी काय जेवतात असं कुणी विचारलं तर डोळे मिटून सांगावं, खीर! म्हणजे अगदी खीर नव्हे, पण दूध आणि तांदूळ म्हटल्यावर आपल्या डोक्यात दुसरं काय येणार? इकडे तिला रिसग्र्योट म्हणतात. आखूड, गोल दाण्याचा तांदूळ आधी पाण्यात शिजवायचा, पाणी आटलं की वाटीला पाच वाट्या दूध, आणि मंद आचेवर पाऊण तास. शिजताना साखर नाही, वेलची नाही, फक्त मीठ. वाढल्यावर वरून साखर-दालचिनी आणि मधोमध लोण्याचा गोळा. तो वितळून जे पिवळं डबकं होतं त्याला म्हणतात लोण्याचा डोळा. दूध बुडाला फार लागतं, म्हणून जुन्या बायका पातेलं गुंडाळून चक्क अंथरुणात दुलईखाली शिजायला ठेवत. हे ऐकलं तेव्हापासून मला हा देश जरा जास्तच आवडायला लागला.

गंमत म्हणजे इथे तांदूळ पिकत नाही. पूर्वी तो लांबून यायचा, महाग असायचा. रोजची पेज बार्लीची नाहीतर ओटची, तांदळाची फक्त सणाला. नाताळात तिचा मान अजून आहे. पातेल्यात एक सोललेला बदाम लपवतात, ज्याच्या वाडग्यात येईल त्याला मार्झिपानचं डुक्कर बक्षीस. गोठ्यातल्या निस्सेलाही (हा इथला बुटका राखणदार) एक वाडगा ठेवायची पद्धत. एका लोककथेत त्याला वर लोणी दिसत नाही, म्हणून तो रागाच्या भरात गाय मारून टाकतो आणि मग लोणी तळाशी सापडतं!

असो. हे सगळं आठवायचं कारण आमची लेक. जन्म इथलाच. गेल्या हिवाळ्यात चार दिवस तापाने फणफणली होती. मी गुरगुट्या भात केला, वर तूप, मावशीने पाठवलेलं मेतकूट. माझ्या आजारपणात आईने दुसरं काही दिल्याचं मला आठवत नाही. लेकीने दोन घास खाल्ले आणि हळूच म्हणाली, "आई, ग्र्योट करशील?"

लागलं हो मनाला. एरवीच्या आवडीनिवडी ठीक आहेत, पिझ्झा काय नि पास्ता काय. पण तापात माणूस जे मागतो ते फार आतून येतं. म्हणजे हिचं 'आतलं' माझ्यापेक्षा वेगळं झालं तर...

केली, पाऊण तास ढवळत उभी राहून. फ्रीजमध्ये लोणी होतं, तरी वर तूप घातलं. तिने वास घेतला, माझ्याकडे बघितलं. "डोळा आज आजीच्या घरासारखा आहे," म्हणाली आणि वाडगा संपवला.

मावशी, वाचत असशील तर, मेतकूट अर्धी बरणी उरलंय. इतक्यात पाठवू नकोस.