यादीतला वेल्डर

२३ जुलै २०२५, बुधवार

कालपासून ब्रिटननं परदेशातून नवे केअर वर्कर घेणं बंद केलं. बातमी पेपरात आतल्या पानावर चार ओळींत होती. पण नगरच्या सावेडीतल्या एका बाईंना ती नीट समजावून सांगण्यात माझी सकाळ गेली. त्यांच्या मुलीनं सहा महिन्यांचा ‘केअरगिव्हर’ कोर्स केलाय. फी भरली तेव्हा क्लासच्या भिंतीवर ब्रिटनला हव्या असलेल्या लोकांची यादी लावलेली होती आणि तेव्हा ती खरीही होती. कोविडनंतर तिकडच्या वृद्धाश्रमांत माणसं मिळेनात म्हणून २०२२ मध्ये हे दार उघडलं. नंतर बाहेरून आलेल्यांची संख्या तिथल्या राजकारणाला जड झाली आणि दार लागलं. आता ‘कुशल’ म्हणवून जायला पदवीच्या पातळीचं काम आणि वर्षाला ४१,७०० पौंड पगार ही साधारण अट आहे.

बाईंचं म्हणणं साधं होतं. “सर, यादी अशी मधेच कशी बदलते?”

यादी देशाच्या गरजेवर निघते आणि गरज निवडणुकीवरही ठरते. तिकडे जाऊ पाहणाऱ्यानं आधी यादीवरची तारीख वाचावी, मग व्यवसायाचं नाव. मुलगी नर्सिंग कौन्सिलची नोंदणीवाली असती तर तिचा रस्ता अजून मोकळा होता. हे बोललो तेव्हा त्या काहीच बोलल्या नाहीत.

२७ जुलै, रविवार

पाथर्डी तालुक्यातला माझा जुना विद्यार्थी आला. वेल्डर ट्रेड, २०१८ ची बॅच. आई-वडील ऊसतोडीला जायचे. हा शाळेच्या वसतिगृहावर राहून दहावी झाला आणि आयटीआयला आला. आता नागापूर एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये आर्गॉन वेल्डिंग करतो. मोबाईलवर त्यानं मला पाइपचा जोड दाखवला. सिक्स-जी पोझिशन, म्हणजे पाइप पंचेचाळीस अंशात पक्का धरलेला, तो फिरवायचा नाही, वेल्डरनंच त्याच्याभोवती फिरायचं. रूट पास एकसारखा, कुठं अंडरकट नाही. मी शिल्प निदेशक म्हणून नोकरी केली, अशा हाताला वर्गात क्वचितच गुण देता आलेत.

कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जर्मनी, तिन्ही ठिकाणी वेल्डर हवेत हे त्याला पाठ आहे. कॅनडानं २०२३ पासून एक्स्प्रेस एन्ट्रीत कारागिरांसाठी वेगळ्या फेऱ्या सुरू केल्या, ऑस्ट्रेलियानं डिसेंबर २०२४ मध्ये ४५६ व्यवसायांची नवी यादी काढली, हे सगळं त्यानं मलाच सांगितलं.

मी विचारलं, अनुभवाचा दाखला?

“मालक लेटर देइना ना सर. म्हनतो, लेटर दिलं की तू पळशील.”

पगार रोख मिळतो. हजेरी वहीत. पीएफ नाही. वीस माणसं झाली की पीएफ लागू होतो म्हणून आमच्या एमआयडीसीत एकोणीस माणसांच्या शेड फार आढळतात. हा योगायोग मी इतकी वर्षं बघत आलोय. पाच वर्षं काम केलेल्या या पोराजवळ काम केल्याचा कागदोपत्री पुरावा म्हणाल तर त्या शेडमधल्या दसऱ्याच्या पूजेचा फोटो.

२ ऑगस्ट, शनिवार

जर्मनीचे कागद आज पुन्हा काढून वाचले. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या राज्य सरकारनं जर्मनीच्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, जुलैत शासन निर्णय निघाला. पहिल्या टप्प्यात दहा हजार माणसं पाठवायचं ठरलं. श्टुटगार्ट ही त्या राज्याची राजधानी, मर्सिडीज आणि बॉश तिथल्याच. मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत, त्यामुळे ओळख जुनी. नोंदणीचं काम शिक्षण खात्याकडे असल्यामुळे आपल्या जिल्ह्यातली पोरं संगमनेरच्या ‘डाएट’ या शिक्षक प्रशिक्षण संस्थेची चौकशी करत होती.

त्या यादीत सुमारे तीस प्रकारची कामं आहेत: परिचारिका, प्रयोगशाळा आणि रेडिओलॉजी सहायक, आजारी-वृद्धांची शुश्रूषा करणारे, इलेक्ट्रिशियन, सोलरवाले, हीटिंगचे तंत्रज्ञ, रंगारी, सुतार, गवंडी, प्लंबर, हलक्या-जड गाड्यांचे मेकॅनिक, बस-ट्रक-ट्राम चालक, स्वयंपाकी, वेटर, टपाल वाटणारे, गोदामातले मदतनीस. वाचताना मला नवल वाटलं ते एवढंच की यातली निम्मी कामं आपल्याकडे सोयरीक जमवताना लपवतात. ‘मुलगा प्लंबर आहे’ असं म्हणत नाहीत, ‘स्वतःचा बिझनेस आहे’ म्हणतात.

मात्र यादीत नाव असणं एक आणि पात्र असणं दुसरं. जर्मनीत जून २०२४ पासून ‘चान्सनकार्टे’ नावाचं कार्ड मिळतं, त्यावर तिथं जाऊन वर्षभर नोकरी शोधता येते. त्याची पहिली अट: आपल्या देशात सरकारमान्य, किमान दोन वर्षांचं व्यवसाय प्रशिक्षण. फिटर आणि इलेक्ट्रिशियन ट्रेड दोन वर्षांचे, ते बसतात. वेल्डर ट्रेड एक वर्षाचा. संपलं. सिक्स-जी मारणारा माझा पोरगा या दारात अडतो आणि ज्यानं कधी फाईल नीट धरली नाही असा दोन वर्षांचा फिटर आत जातो. नियमाला हात दिसत नाही, त्याला कालावधी दिसतो. जर्मन लोकांना दोष देऊन उपयोग नाही, त्यांच्याकडे शिकाऊ उमेदवारी तीन-साडेतीन वर्षांची असते.

एक गंमत. जर्मन माणसांना नगर नवं नाही. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी हिंदुस्थानातले जर्मन मिशनरी, व्यापारी पकडून इथल्याच छावणीत आणून ठेवले होते. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला गिर्यारोहक हाइनरिश हाररही इथं होता. पुढं डेहराडूनच्या छावणीतून निसटून तो तिबेटात पोचला. तेव्हा ते इथून सुटायला धडपडत होते, आता आमची पोरं तिकडं शिरायला.

९ ऑगस्ट, शनिवार

राखीपौर्णिमा. भाची आली होती. लोणीला जीएनएम नर्सिंग केलेलं, तीन वर्षांचं, आणि नंतर नगरच्या एका खासगी रुग्णालयात आयसीयूला. रात्रपाळी धरून हातात पंधरा हजार.

घरात सगळ्यांत लवकर कोणी परदेशी जाईल तर हीच. तिचं शिक्षण तीन वर्षांचं, कौन्सिलची नोंदणी आहे, रुग्णालय पगार बँकेत टाकतं. अडलं आहे ते भाषेपाशी. जर्मनीत परिचारिका म्हणून पूर्ण मान्यता हवी तर जर्मन बी-२ पातळीचं लागतं. ए-१, ए-२, बी-१, बी-२ अशा पायऱ्या आहेत आणि नोकरी सांभाळून तिथवर पोचायला साधारण दीड वर्ष लागतं. त्यानंतरही तिकडे परीक्षा किंवा पूरक प्रशिक्षण असतं. तोवर ती मदतनीस म्हणूनच राहणार.

केरळच्या मुली पुढं का आहेत याचं उत्तर इथंच आहे. केरळ सरकारची नोर्का संस्था २०२१ पासून जर्मन सरकारबरोबर ‘ट्रिपल विन’ योजना चालवते. मुलीला भाषा शिकवतात आणि भरती थेट करतात, एजंट मधे नाही. आपल्याकडे करार झाला, छायाचित्रं झाली. तालुक्याच्या गावी बी-२ पर्यंत जर्मन शिकवणारा माणूस मात्र मिळत नाही. भाची शनिवार-रविवार पुण्याला क्लासला जाते. गोएथे संस्थेची परीक्षा द्यायची तर बोट क्लब रोडच्या मॅक्सम्युलर भवनात. एवढ्या धावपळीत ती मला विचारते, “मामा, ‘डेर, डी, दास’ कुठल्या शब्दाला काय लावायचं हे कसं कळतं?” मराठीत तो, ती, ते कसं कळतं, हे मला तरी कुठं सांगता आलं?

१७ ऑगस्ट, रविवार

आज एका सहकारी साखर कारखान्यातून निवृत्त झालेले वेल्डर भेटले, माझ्याच वयाचे. हा जिल्हा कारखान्यांचा. प्रवरेला विठ्ठलराव विखे आणि धनंजयराव गाडगीळ यांनी महाराष्ट्रातला पहिला सहकारी कारखाना उभा केला, १९५० साली गाळप सुरू झालं. बॉयलरच्या नळ्या जोडणाऱ्या वेल्डरला बॉयलर कायद्याखाली परीक्षा द्यावी लागते, तिचा दाखला मिळतो आणि मुदत संपली की पुन्हा परीक्षा. या गृहस्थांकडे असे दाखले प्लास्टिकच्या पिशवीत ओळीनं लावलेले. नेमणूकपत्र आहे, पगारपत्रकं आहेत, पीएफचा उतारा आहे. १९९० च्या दशकात ते तीन वर्षं कुवेतला रिफायनरीच्या शटडाऊनवर जाऊन आले ते याच पिशवीच्या जोरावर.

हात दोघांचाही चांगला. पाथर्डीच्या पोराचा कदाचित जास्त. फरक पिशवीचा.

३० ऑगस्ट, शनिवार

काल टोकियोत भारत-जपान शिखर बैठक झाली. पाच वर्षांत दोन्ही देशांमध्ये पाच लाख माणसांची ये-जा, त्यात भारतातून पन्नास हजार कुशल माणसं जपानला, असं ठरलं. आज दिवसभर फोन. सुप्याच्या एमआयडीसीत जपानी कंपन्यांसाठी वेगळा भाग राखलेला असल्यामुळे पारनेरकडच्या पोरांना जपान जवळचाच वाटतो.

जपानचा ‘विशिष्ट कौशल्य’ व्हिसा २०१९ पासून आहे आणि आपला करार २०२१ चा. शुश्रूषा, शेती, इमारत सफाई, बांधकाम, अन्नप्रक्रिया अशी क्षेत्रं. मला ही पद्धत आवडते. ती तुम्ही कुठं किती वर्षं शिकलात हे फारसं विचारत नाही, कौशल्याची परीक्षा आणि जपानीची एन-४ पातळी मागते. पहिल्या प्रकारच्या व्हिसावर एकूण पाच वर्षं, बायको-मुलं नेता येत नाहीत. लग्न झालेल्यानं हे आधी घरी सांगावं.

७ सप्टेंबर, रविवार

काल विसर्जन झालं आणि आज एक बाप-लेक श्रीगोंद्याहून आले. एजंटनं इस्रायलला गवंडी म्हणून पाठवतो म्हणून चार लाख मागितलेत, वीस गुंठे विकायचं चाललंय. गेल्या सप्टेंबरात सरकारी कौशल्य महामंडळानं पुण्यात औंधच्या आयटीआयमध्ये इस्रायलसाठी भरती घेतली होती: शटरिंग, सळई बांधणी, गिलावा आणि फरशी, एवढीच चार कामं. पगार महिना सुमारे १ लाख ९२ हजार. ती सरकारी भरती होती. त्या आकड्याचं कात्रण घेऊन हा एजंट फिरतोय.

वडिलांना कागदावर लिहून दिलं. परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्याकडे १९८३ च्या कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना लागतो. परवान्याचा क्रमांक ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर कोणालाही तपासता येतो. सेवाशुल्काची कमाल मर्यादा तीस हजार रुपये अधिक जीएसटी. आणि नोकरीला जाणाऱ्याच्या पासपोर्टवर ‘व्हिजिट’ व्हिसा असला तर विमानात बसू नये.

“मंग चार लाख कशाचं मागतोय तो?” वडील म्हणाले.

तुमच्या वीस गुंठ्यांचं, मी म्हणालो.

२१ सप्टेंबर, रविवार

अमेरिकेनं नव्या एच-वन-बी अर्जाला एक लाख डॉलर शुल्क लावलं. शेजारच्यांचा मुलगा हिंजवडीत आहे, त्यांच्याकडे कालपासून टीव्ही बंद नाही. कालपर्यंत हेच शेजारी मला म्हणायचे, आयटीआयच्या पोरांना कोण विचारतं परदेशात.

पाथर्डी-शेवगावकडे पावसानं यंदा पिकं झोपवली. त्या पोराचा फोन आला होता, कपाशी पाण्यात आहे. परदेशाचा विषय त्यानंही काढला नाही, मीही नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

पोरगा येऊन गेला. चाकणच्या एका कंपनीत लागलाय, पगार इथल्यापेक्षा दोन हजारांनीच जास्त, खोलीभाडं धरलं तर तोटाच. पण नेमणूकपत्र आहे, पीएफ आहे, पगार खात्यात येतो. त्याला मी सांगितलं, तीन वर्षं टिक, सिक्स-जीचा दाखला नामांकित तपासणी संस्थेकडून घे, जपानी किंवा इंग्रजी यातलं एक धर. जर्मनीचं वेड असेल तर आयटीआयला वयाची कमाल मर्यादा नाही, दोन वर्षांचा फिटर कर. त्यावर तो हसला. सव्विसाव्या वर्षी पुन्हा वर्गात बसायचं त्याला लाजिरवाणं वाटतं.

त्याच्या जुन्या मालकाला मी ओळखतो, काल मुद्दाम भेटलो. चांगला हात गेला म्हणून हळहळत होता. वेल्डर मिळत नाहीत, ही त्याची तक्रार. म्हणजे मागणी असलेल्या व्यवसायांच्या यादीत नागापूर एमआयडीसीही आहेच, फक्त ती यादी कोणी छापत नाही.

त्याला जे बोललो तेच इथल्या बाकीच्या शेडमालकांसाठी लिहून ठेवतो. माणूस तीन महिने टिकला की नेमणूकपत्र द्या, पगार बँकेत टाका, सोडून जाताना केलेल्या कामाचं नाव आणि तारखा घालून अनुभवपत्र द्या. कागद अडवून तुमचा वेल्डर थांबला नाही, चाकणला गेला. तिथून तो पुढं गेला तर त्याच्या अर्जात तुमच्या शेडची पाच वर्षं धरली जाणार नाहीत, कारण ती तुम्ही कुठं लिहिलीच नाहीत.