डबलबारी, फायरवायर आणि लिनक्स

आमच्या मालवण तालुक्यात डबलबारी भजन म्हटलं की मांडव अपुरा पडतो. सत्यनारायणाची पूजा असो, गणेशोत्सव असो की देवळाचा वर्धापनदिन, दोन बुवा समोरासमोर बसतात आणि रात्र चढत जाते. प्रत्येक बुवाची स्वतःची हार्मोनियम, स्वतःचा पखवाजवाला, झांजवाले, मागे कोरस. लोक मोबाइलवर चित्रण करतात, पण त्यात ऐकू येतो तो मुख्यतः लाऊडस्पीकर. पखवाजाचा डावा हात त्यात हरवतो, कोरस आणि झांज एकमेकांत मिसळून जातात. जुने जाणते बुवा आज आहेत, उद्या नसतील. पखवाज शिकणाऱ्या पोराला नुसता पखवाज वेगळा काढून ऐकता यावा, अशा पद्धतीनं हे ध्वनिमुद्रण व्हायला हवं, असं मला फार वाटत होतं.

त्यासाठी एकाच वेळी आठ माइक घेणारा ऑडिओ इंटरफेस लागतो. नवा परवडणारा नव्हता. मुंबईतल्या एका स्टुडिओनं बाजूला काढलेला आठ इनपुटांचा, फायरवायर या जुन्या जोडणीचा इंटरफेस ओळखीतून मिळाला. यंत्र ठणठणीत होतं. प्रीअँपला खरखर नाही, फँटम पॉवर बरोबर ४८ व्होल्ट. फक्त एकच गोष्ट नव्हती : ड्रायव्हर. कंपनीनं नव्या विंडोजसाठी तो काढणं कधीच थांबवलं होतं. विचारणा केली तर उत्तर आलं, नवं मॉडेल घ्या. चांगलं चालणारं यंत्र केवळ एका फाइलअभावी भंगार ठरावं, हे मला पटेना.

कुडाळला संगणक दुरुस्त करणाऱ्या एका मित्रानं माझ्या फायरवायर असलेल्या जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स ही खुली कार्यप्रणाली घातली. इंटरफेस जोडला, टर्मिनलमध्ये साउंडकार्डांची यादी मागितली आणि त्यात आमच्या यंत्राचं नाव आलं. सीडी नाही, नोंदणी नाही, काही डाउनलोड करणं नाही.

हे कसं घडलं ते मी नंतर वाचत गेलो. यारोस्लाव्ह किसेला यांनी १९९८ मध्ये आल्सा हा प्रकल्प सुरू केला, तो एका साउंडकार्डाचा पूर्ण उपयोग करता यावा म्हणून. २००३ च्या अखेरीस आलेल्या २.६ कर्नेलपासून (कर्नेल म्हणजे लिनक्सचा गाभा) आल्सा हीच लिनक्समधली ध्वनीची मुख्य व्यवस्था झाली. फायरवायर इंटरफेसांसाठी आधी फाडो नावाचा स्वतंत्र प्रकल्प होता. पुढे जपानमधल्या ताकाशी साकामोतो यांनी अशा अनेक यंत्रांचे ड्रायव्हर थेट कर्नेलमध्ये आणले. फायरवायर बाजारातून गेलं तरी लिनक्समध्ये २०२९ पर्यंत त्याची देखभाल करण्याचं त्यांनी जाहीर केलं आहे. ज्या यंत्राला त्याच्या निर्मात्यानं सोडलं, त्याची काळजी दूरचा एक माणूस घेतो आहे, हे कळल्यावर मला मनापासून कृतज्ञ वाटलं.

पण यंत्र ओळखलं गेलं म्हणजे काम झालं असं नाही. एका ज्येष्ठ बुवांना मालवणात माझ्या खोलीवर बोलावलं. पखवाज शेजारच्या खोलीत, बुवा या खोलीत, दोघांच्या कानांवर हेडफोन. पहिला आलाप घेऊन बुवा थांबले. म्हणाले, ‘‘अरे झिला, माझोच आवाज माका मागसून कित्याक येता?’’

दोष बफरचा होता. आवाज संगणकात जातो तो तुकड्या-तुकड्यांनी. सेकंदाला ४८,००० नमुने आणि १,०२४ नमुन्यांचा तुकडा धरला, तर एका तुकड्यालाच २१ मिलिसेकंद लागतात. जाताना एकदा, येताना पुन्हा. गाणाऱ्याला तेवढं अंतर लगेच खटकतं. तुकडा १२८ नमुन्यांचा केला की तेच २.७ मिलिसेकंदांवर येतं. हवेतून आवाज एक मीटर जायला साधारण तीन मिलिसेकंद घेतो, म्हणजे हे अंतर बुवांच्या तोंडापासून हार्मोनियमच्या भात्यापर्यंतचंच. मात्र तुकडा लहान केला की संगणकाला उसंत राहत नाही. दुसरं एखादं काम मध्ये आलं की आवाजात ‘टक्’ होतं. याला ध्वनिमुद्रणवाले एक्सरन म्हणतात.

मग मी एकेक अडथळा काढत गेलो. ध्वनीच्या कामाला रिअल-टाइम प्राधान्य मिळावं अशी परवानगी दिली, प्रोसेसरची वीजबचत बंद केली, मुद्रणाच्या वेळी वायफाय बंद ठेवलं. कर्नेल रिअल-टाइम घेतला. तेव्हा त्यासाठी वेगळा पॅच लावलेला कर्नेल लागत असे. सुमारे वीस वर्षांच्या कामानंतर ही सोय २०२४ मध्ये आलेल्या ६.१२ आवृत्तीत मुख्य कर्नेलचाच भाग झाली. मुद्रणाला आर्डर आणि आवाजाची जोडणी करायला जॅक ही सॉफ्टवेअरं घेतली, दोन्ही पॉल डेव्हिस यांनी सुरू केलेली. आता जॅकचं काम पाइपवायर करतं. बुवा पुन्हा आले, हेडफोन लावले, गजर चढवला आणि मध्ये एकदाही थांबले नाहीत.

पुढे मांडवात न्यायला यूएसबीचा फोकसराइट स्कार्लेट, दुसऱ्या पिढीचा, घेतला. तो लिनक्सला लावल्याबरोबर चालतो, कारण तो यूएसबी ऑडिओच्या सर्वमान्य नियमांनी बोलतो. पण त्याच्या पोटात एक मिक्सर आहे. त्यातून गायकाला त्याचा आवाज संगणकाला वळसा न घालता परत देता येतो. त्या मिक्सरची बटणं फक्त विंडोज आणि मॅकच्या सॉफ्टवेअरमध्ये होती. ऑस्ट्रेलियातल्या जेफ्री बेनेट यांनी यंत्र आणि संगणक यांच्यातलं बोलणं तपासून त्यासाठी ड्रायव्हर लिहिला. २०१९ मध्ये तो ५.४ कर्नेलमध्ये आला आणि नंतरच्या पिढ्यांसाठीही ते लिहीत राहिले. बुवांना जो उशीर खटकला होता, त्यावरचा सर्वांत नेमका उपाय हा मिक्सरच.

सगळीच यंत्रं चालतात असं नाही. काहींचे इफेक्ट कंपनीच्या सॉफ्टवेअरशिवाय उघडत नाहीत, काहींचे निम्मेच इनपुट दिसतात. म्हणून घेण्याआधी तपासावं. एखादा इंटरफेस वेगळा ड्रायव्हर न घालता आयपॅडवर चालत असेल, तर तो लिनक्सवरही चालण्याची शक्यता खूप असते. पेनड्राइव्हवर लिनक्स घेऊन दुकानात जावं, तिथेच संगणक त्यावरून सुरू करावा, सगळे इनपुट वाजवून बघावेत. आणि आमच्या किनाऱ्यावरची खारी, दमट हवा ध्यानात ठेवावी. कंडेन्सर माइक दमटपणानं खरखरतात, म्हणून मी ते सिलिका जेलसह घट्ट डब्यात ठेवतो. उघड्या मांडवात मात्र डायनॅमिक माइकच खरे.

आज माझ्याकडे डबलबारीचं जे मुद्रण आहे त्यात प्रत्येक पखवाज, प्रत्येक हार्मोनियम, प्रत्येक बुवा स्वतंत्र वाहिनीवर आहे, आणि ते फ्लॅक स्वरूपात जपलं आहे. हे स्वरूपही खुलं आहे, उद्या कुणाच्या परवान्यावाचून ते अडणार नाही. पखवाज शिकणारी मुलं येऊन हव्या त्या बुवाची बारी फक्त पखवाजावर ऐकतात आणि सोबत हात चालवतात.

मुंबईतल्या आपल्या चाकरमान्यांना माझं एक सांगणं आहे. ड्रायव्हर मिळत नाही म्हणून कपाटात पडलेला इंटरफेस तुमच्याकडे किंवा ओळखीच्या स्टुडिओत असेल, तर भंगारात देण्याआधी एकदा लिनक्सला जोडून बघा. चालला तर गणपतीला येताना गावच्या भजन मंडळासाठी घेऊन या. जोडणी शिकवायला मी येईन.