तिसरी प्रत

इकडचे तिकडे करणे वाईट, असे मी बालवर्गातल्या मुलांना वीस वर्षे बजावीत आले. गेल्या दिवाळीत माझ्या भाच्याने हा उपदेश फोल ठरविला.

तो पुण्याहून कोल्हापूरला आला होता. वसुबारसेच्या रात्री मी चकल्या पाडीत होते. तोच त्याचा फोन वाजला. "मावशी, आमचं एक यंत्र मेलं," म्हणून तो संगणक मांडीवर घेऊन बसला. मी घाबरले. तो मात्र चिवडा खात होता.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तरी त्याने सांगितले ते मला उमगले. त्यांची नोंदवही अनेक यंत्रांत वाटलेली असते. तिचे नाव कॅसँड्रा. फेसबुकने ती २००८ साली सर्वांना खुली केली. प्रत्येक नोंदीच्या बहुधा तीन प्रती, तीन निरनिराळ्या यंत्रांत. ही यंत्रे दर सेकंदाला आपसांत कुजबुजतात : कोण जागे आहे, कोण गप्प झाले. या कुजबुजीचे शास्त्रातले नावच मुळी 'गॉसिप'! एखादे गप्प झाले, तर त्याच्या वाटणीचे नवे निरोप इतर यंत्रे साधारण तीन तास जपून ठेवतात. ते परतलेच नाही, तर नवे यंत्र आणून त्याला कोणाच्या जागी बसायचे ते सांगतात. ते कोरे येते. ज्यांच्याजवळ मेलेल्याच्या नोंदींच्या प्रती असतात, ती यंत्रे त्याला सारे देत जातात. ते पुरते भरेपर्यंत त्याच्याकडे कोणी काही मागत नाही.

"आणि दुसरी प्रत नसेलच, तर?"

"तर गेलं, मावशी."

माझा हात थांबला. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी केव्हाच ओलांडली होती. पाणी ५५ फुटांवर गेले. शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरी खाटेखालची ट्रंक बुडाली. तीत आईच्या जात्यावरच्या ओव्यांची वही होती. आई दोन वर्षांपूर्वीच गेली होती. मी माझ्या कादंबऱ्यांची बाडे आधी माळ्यावर चढविली होती. वही राहून गेली.

पुढे कागलच्या मावशीकडे नि निपाणीच्या मामीकडे जाऊन बसले. एकीला ओवीचा आरंभ आठवे, दुसरीला शेवट. भांडत भांडत दोघींनी पुष्कळशी वही भरून दिली. पण मला मांडीवर घेऊन दळताना आईने माझ्यासाठी रचलेल्या ओव्या त्यांच्याजवळ नव्हत्या. आईने सांगितल्या तेव्हा मी त्या लिहून घेतल्या, आणि लिहिल्या म्हणून निश्चिंतपणे विसरले.

पहाटे भाच्याचे यंत्र भरले. मी त्याला म्हटले, "आता ते मीट, आणि ऐक." आजीची एक ओवी त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतली, भाऊबीजेला बहिणीला शिकव, म्हणून बजावले. पोरगा बेसूर आहे. पण प्रत सुरेलच असली पाहिजे, असे थोडेच आहे?