मुलींनी अर्ज करू नये

नाशिक रोडला आमचे छोटेसे गॅरेज आहे. रिक्षा, दुचाकी दुरुस्त करूनच दोन पिढ्यांचे पोट भरले. यंदा दहावी झालेल्या धाकटीने ऑटोमोबाइलच्या डिप्लोमाला जायचे म्हटले आणि घरात सगळे गप्प झाले. फुफीजान म्हणाल्या, "बेटी, काळ्या हाताच्या मुलीला कोण पसंत करणार?" आम्ही दोघे काहीच बोललो नाही. खरे तर आमच्याही मनात तेच होते.

पोरीने वाद घातला नाही. रात्री जेवणे झाल्यावर तिने सुधा मूर्तींची हकीकत सांगितली; ती त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. १९७४ साली सुधा कुलकर्णी बंगळुरूला शिकत होत्या. टेल्कोला, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सला, इंजिनिअर हवे होते. पण जाहिरातीत लिहिले होते की मुलींनी अर्ज करू नये. त्यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला. मुलाखतीसाठी पुण्याला बोलावणे आले. हा कारखाना आहे, इथे बाई नाही, असे त्यांना सांगण्यात आले. कुठून तरी सुरुवात करावीच लागेल, असे त्यांचे उत्तर होते. टेल्कोच्या कारखान्यात घेतलेल्या त्या पहिल्या महिला इंजिनिअर ठरल्या.

त्याच्या ६० वर्षे आधी, १९१४ मध्ये, ब्रिटनच्या मोटार इंजिनिअरांच्या संस्थेने डोरोथी पुलिंजर यांचा अर्ज नाकारला होता. नियमात 'व्यक्ती' असा शब्द होता, आणि व्यक्ती म्हणजे पुरुष, असे कारण दिले गेले! पुढे त्याच संस्थेने त्यांना सभासद करून घेतले. स्कॉटलंडमध्ये त्यांच्या देखरेखीखाली गॅलोवे मोटारी बनल्या, आणि तिथल्या कामगारांत बहुसंख्य स्त्रियाच होत्या. आपल्या पुण्यात वाहनांची चाचणी करणाऱ्या एआरएआय संस्थेच्या संचालकपदीही रश्मी ऊर्ध्वरेषे होत्या.

ऐकता ऐकता आम्हाला आठवले, लहानपणी ही पोर इंजिनाच्या आवाजावरून प्लग खराब आहे हे ओळखायची. आम्ही हसायचो आणि म्हणायचो, "जा, अम्मीला मदत कर." भावाच्या हातात मात्र पाना दिला. त्याला त्यात कधीच गोडी वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी फॉर्म भरला. फुफीजान अजून नाराज आहेत. लग्नाची काळजी आम्हालाही आहेच. पण रविवारी ती गॅरेजात येते, कार्ब्युरेटर उघडून साफ करते. आपल्या घरात अशी लेक असेल, तर तिला एकदा विचारून बघा. आम्हाला विचारायला फार उशीर झाला.